मामानं तोंड बघायचं नाही

आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस असला की पहिली मोटार कुणी लावायची हे निलव्वा ठरवते. तिला हा अधिकार कुणी दिला, असं मी शेळगीत राहायला आल्या आल्या विचारलं होतं. "कुनी द्याय कशाला लागतंय," ती म्हणाली आणि माझा नंबर शेवटून दुसरा लावला. मी उभा जन्म शाळेत पोरांना गप्प बसवण्यात घालवलेली बाई, पण तिच्यापुढे माझी डाळ शिजली नाही. पुढे आमचं चांगलं जमलं, म्हणजे मी हार मानली.

निलव्वा पन्नाशीची. नवरा लवकर गेला. ज्वारीच्या कडक भाकरी करून तिनं दोन पोरं वाढवली, गुरुशांत आणि त्याच्या पाठची शिवलीला. तिच्या भाकरीला बाहेरगावाहून मागणी असते, आणि गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ती भाकरी परत डब्यात ठेवून झाकण लावते. गुरुशांत एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरला कामाला आहे. पेशंटला आत न्यायचं, टेबलावर घ्यायचं, झालं की बाहेर आणायचं.

"माझा गुरू आपरेशन करतो," असं ती सगळ्यांना सांगते.

"अव्वा, मी स्ट्रेचर ढकलतो," तो म्हणतो.

"मग? ढकलल्याबिगर हुतंय का आपरेशन?"

अशी ही बाई. भुताखेताला भीत नाही, सावकाराला तर नाहीच नाही. आमच्या गल्लीत गाढवी गाभण असली तरी तिचा सल्ला घेतात. पण एका ठिकाणी ती अगदी लहान पोरीसारखी होते, आणि ते ठिकाण म्हणजे तिचं माहेर, वळसंग.

गुरुशांत लहान असताना त्याला वरचे दात आधी आले. वरचे दात आधी आले की मामाला जड, असं आपल्याकडे म्हणतात. तिच्या सासूनं तिला बजावलं होतं, की सव्वा महिना मामाला पोराचं तोंड दाखवू नको. मग मामानं तेलाच्या वाटीत पोराची सावली बघायची, चांदीचा दात करून द्यायचा आणि मगच समोर बघायचं. निलव्वा तेव्हा विशीतली. ती हसली आणि पोराला घेऊन सरळ वळसंगला जत्रेला गेली. शिवप्पा तिचा एकुलता भाऊ. त्यानं भाच्याला खांद्यावर घेऊन गावभर मिरवलं, त्याच्या तोंडात बोट घातलं, चावून घेतलं आणि "वाघ हाय वाघ" म्हणत ज्याला त्याला बोट दाखवलं. पाऊसकाळ लागायच्या आत शिवप्पा विहिरीवरच्या मोटारीला चिकटून गेला.

भावजयीनं दार लावून घेतलं. मामाला खाल्लेलं पोर माझ्या उंबऱ्यात नको, असं ती म्हणाली, आणि ते शब्द गुरुशांतच्या आधी सगळीकडे पोचायला लागले. त्याला आजोळ राहिलं नाही. शिवलीलाच्या लग्नात मामाच्या जागी कुणी उभं राहिलं नाही. तेवढ्यापुरती निलव्वा मांडवातून उठून स्वयंपाकाकडे गेली.

मी तिच्याशी यावरून भांडलेली आहे. "अहो, वायर उघडी होती म्हणून शॉक बसला. पोराच्या दाताचा काय संबंध?"

"वायर उगडी हुती हे खरं," ती म्हणाली. "पर ती वरीसभर उगडी हुती की. मग त्याच वरसाला कशी लागली?"

याला उत्तर नसतं. म्हणजे असतं, पण ज्याचा भाऊ गेला त्याला ते देता येत नाही.

गेल्या वर्षी शिवलीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नवरा अनिलकुमार पुण्याला कंपनीत, तो फोनवर. जवळच्याच एका प्रसूतिगृहात तिला मुलगी झाली. मी बघायला गेले तर खोलीत पेढे-बर्फी काही नव्हतं. शिवलीला भिंतीकडे तोंड करून रडत होती आणि निलव्वा नातीला मांडीवर घेऊन दगडासारखी बसली होती. मुलगी गोरीपान, डोक्यावर दाट जावळ. पण तोंड मिटत नव्हतं. वरच्या हिरडीला, अगदी पुढं, द्राक्षाएवढी गुलाबी, गुळगुळीत गाठ बारीक देठाला धरून लोंबत होती आणि ओठांच्या बाहेर डोकावत होती.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून समजावलं. ही हिरडीवरची गाठ आहे. क्वचित एखादं बाळ पोटातूनच अशी गाठ घेऊन येतं, त्यात मुलीच जास्त. कॅन्सर नाही. कुणाचं काही चुकलेलं नाही. पण ही मध्ये आहे तोवर बाळाला दूध ओढता येणार नाही, म्हणून लहान मुलांच्या सर्जनला लगेच दाखवा, ते काढून टाकतील. डॉक्टरीणबाई खाली गेल्या आणि निलव्वानं दार लोटून घेतलं.

"दाताची कळी हाय ती," ती म्हणाली. "वरचा दात घिऊनच आलीया."

"निलव्वा, आत्ताच त्यांनी काय सांगितलं?"

"त्येंनी गाठ बगितली. आत काय हाय ते कुटं बगितलंय?"

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. गुरुशांत बर्फीचा पुडा घेऊन भाचीला बघायला येत होता. निलव्वानं पोरगी माझ्या हातात कोंबली आणि ती बाळंतपणाच्या जागरणानं सुजलेल्या पायांनी अशी धावली की तो मधल्या पायरीवरच अडकला. मला वरून सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. तो सांगत होता की अव्वा, तो दात नसतो, डॉक्टरांनी सांगितलंय ना. तिनं त्याचा हात घेऊन स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माझ्या गळ्याची आन हाय गुरू. तिचं तोंड बगायचं न्हाय. हात लावायचा न्हाय."

तो मागे वळला. बर्फीचा पुडा पायरीवर ठेवून खाली गेला.

मला त्याचा राग आला. शिकलेला, रोज हॉस्पिटलात वावरणारा मुलगा, आणि आईच्या एका शपथेपुढे मान खाली घालतो म्हणजे काय! संध्याकाळी मी त्याला फैलावर घेतलं. तो ऐकून घेत राहिला आणि मग म्हणाला, "बाई, मला मरायची भीती न्हाय. पर मी रोज गाडीवरून जातो-येतो, उद्या रस्त्यात काय बी झालं समजा. मग लोक त्या पोरीला काय म्हनतील? मामाला खाल्लीस म्हनतील. मी ते ऐकत मोठा झालोय. तिला ते नको." मी घरात आले आणि चहा ठेवला.

तरी तो स्वस्थ बसला नव्हता. त्याच्याच हॉस्पिटलात लहान मुलांचे सर्जन होते. त्यांना दाखवायला मी माझ्या फोनवर बाळाचा फोटो काढला. तो गुरुशांतला पाठवू नये म्हणून निलव्वानं मला बजावलं, आणि फोटो बघितला तरी लागतं का, याचाही तिनं बराच विचार केला. शेवटी गुरुशांत पुढे आणि मी मागे, फोन पालथा धरून, असे आम्ही सर्जनच्या खोलीत गेलो. मी फोन डॉक्टरांसमोर धरला तेव्हा तो खिडकीतून बाहेर बघत उभा राहिला. डॉक्टरांनी त्याच्याकडे एकदा बघितलं, पण विचारलं काही नाही.

"लवकर करू," ते म्हणाले. "काढायला अवघड नाही आणि परत सहसा येत नाही. पण तोवर सांभाळा. हिला नीट गिळता येत नाही, लाळ घशाशी साठते. कुशीवर निजवा. तोंडावर काही घालू नका. ओठांच्या रंगावर लक्ष ठेवा."

निलव्वाला हे मी शब्दन् शब्द सांगितलं. तिचं म्हणणं, ऑपरेशन करा, पण सव्वा महिन्यानं. आधी तेलात सावली, मग चांदीचा दात, मग कापाकापी. म्हणजे सगळं रीतसर.

इकडे शिवलीलाचे स्तन दगडासारखे झाले होते. ती वाटीत दूध काढायची आणि निलव्वा पळीनं थेंब थेंब पाजायची. निम्मं गालावरून गळ्यात. मुलगी रडायची, पण त्या रडण्यातलाही जोर रोज कमी होत होता. मऊसूत मांडीवर आता नुसती कातडी हाताला लागायला लागली. एका दुपारी पळी पाजताना शिवलीलानं आईच्या हातातून वाटी काढून घेतली.

"तुज्या भावाचं तू बग अव्वा," ती म्हणाली. "माज्या पोरीचं मी बगते. उद्या आपरेशन करायचं."

शिवलीला जन्मात आईपुढे असं बोलली नव्हती. निलव्वा रागावेल असं मला वाटलं. ती उठली, मोरीवर गेली, तोंडावर पाणी मारून आली आणि म्हणाली, "करा. पर गुरू तितं नसंल."

गुरुशांतनं त्या दिवसाची आपली पाळी दुसऱ्याशी बदलून घेतली, म्हणजे भाचीला आत-बाहेर करायला तो नसेल. शिवलीलाला टाके होते, तिला खालच्या वॉर्डात निजवलं होतं. अनिलकुमार रात्रीच्या गाडीनं आला होता, तो औषधांच्या रांगेत. थिएटरबाहेरच्या बाकावर निलव्वा नातीला घेऊन बसली आणि मी तिच्या शेजारी. आधीचं ऑपरेशन लांबलं होतं. सिस्टर एकदा बाहेर येऊन बाळाला बघून गेली आणि म्हणाली, "आजी, तोंड उघडं असू द्या हं." निलव्वानं मान डोलावली.

जरा वेळानं थिएटरचं दार उघडलं आणि रिकामं स्ट्रेचर ओढत पाठमोरा गुरुशांतच बाहेर आला. ज्याच्याशी पाळी बदलली तो आधीच्या पेशंटला घेऊन वॉर्डात अडकला होता, म्हणून ऐनवेळी यालाच मागच्या दारानं बोलावून घेतलं होतं. आम्हाला बघताच तो जागच्या जागी थांबला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"अव्वा, मी हाय. झाक."

निलव्वानं झटकन दुपट्याचं टोक नातीच्या तोंडावर ओढलं.

मी म्हटलं, "निलव्वा, तोंडावर घालू नका म्हणाले ना?"

"येवढा जाऊ दे त्यो."

पण तो जाईना. त्याचा पाय निघत नव्हता. भिंतीशी बोलावं तसा तो बोलत होता. "दूध बंद केलंय नव्हं पहाटेपासनं?"

"केलंय."

"रडली का?"

"रडली. आता गप हाय."

"आत डॉक्टर चांगले हायत. भूल देनाऱ्या मॅडम बी चांगल्या हायत. तू घाबरू नको." मग थोडं थांबून, "अव्वा, कुनासारकी हाय गं?"

निलव्वानं त्याच्या पाठीकडे बघितलं. त्या पाठीकडे बघताना तिचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे मान वळवली. "शिवप्पासारकी," ती म्हणाली. "कपाळ डिट्टो शिवप्पाचं."

भावाचं नाव तिनं मुलासमोर इतक्या वर्षांत घेतलं नव्हतं. तो तसाच उभा. बाहेर कुठंतरी लिफ्टचं दार वाजलं. आणि मग निलव्वा एकदम म्हणाली, "ही हलंना का?"

तिनं दुपटं बाजूला केलं. मुलीचे ओठ जांभळट झाले होते. तोंडातून फेसाळ लाळ येत होती, छाती आत ओढली जात होती आणि आवाज मात्र काही येत नव्हता. मी ओरडले, "सिस्टर!" थिएटरचं दार बंद होतं. मी उठून दारावर थापा मारायला लागले. आतून कुणी तरी "थांबा, थांबा" म्हणालं.

गुरुशांत आमच्यापासून चार हातांवर होता. माझं ओरडणं ऐकून त्याची मान वळायला लागली आणि वळता वळता त्यानं ती हट्टानं परत भिंतीकडे नेली. दोन्ही हात भिंतीवर टेकवले. "अव्वा, काय झालं? अव्वा, सांग की!"

मी दारापाशी होते, निलव्वा बाकापाशी, आणि मला तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता. ती नातीकडे बघत होती. मग तिनं मुलाच्या पाठीकडे बघितलं. तिच्या पुढ्यात हे दोन जीव होते, आणि दोन्ही एका वेळी राखता येतील असं काही तिच्याजवळ नव्हतं. हे मी आता लिहिते आहे तेव्हा फार वेळ लागल्यासारखं वाटतं. तसा वेळ लागला नाही. ती उठली, त्याच्यापाशी गेली, त्याच्या खांद्याला धरून त्याला गर्रकन फिरवलं आणि त्या घाबरगुंडीत तिच्या तोंडून माहेरची कानडीच आली.

"नोडु! गुरू, नोडु! बग तिच्याकडं!"

"अव्वा, शप्पत..."

"मी सोडवली शप्पत. बग. घे तिला."

त्यानं बघितलं. मग बाकीचं भराभर झालं. त्यानं तिला आपल्या हातावर पालथी घेतली, डोकं खाली, एका बोटानं तोंडातली लाळ काढली, पाठीवर थोपटलं. तोंडातून चिकट लाळेची तार खाली लोंबली. मांजराच्या पिलासारखा एक बारीक आवाज आला. तेवढ्यात दार उघडलं आणि तिला तशीच हातावर घेऊन तो आत गेला.

बाक मोकळा होता तरी निलव्वा खाली फरशीवर बसली. हातात दुपटं तसंच. मला रडू येत होतं आणि रागही आला होता. तिच्यावर, दुपट्यावर, वळसंगच्या त्या भावजयीवर, सगळ्या जगावर. पण तिच्याकडे बघून राग टिकला नाही. मी तिच्याशेजारी बसले. काही तरी बोलायचं म्हणून म्हटलं, "निलव्वा, बरं केलंत. तुम्हाला पटलं ना शेवटी, की तो दात नाही?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी शाळेतली बाई आहे, तरी इतकं साधं मला कळू नये, असं त्या बघण्यात होतं.

"न्हाय बाई," ती म्हणाली. "दातच हाय. मला दात हाय असंच वाटतंय. तरी बग म्हनलं त्याला."

तोवर मी तिला अडाणी समजत होते आणि स्वतःला शहाणी. शहाणपणाला काय लागतं? मला तर ती गाठ म्हणजे गाठच होती. मी 'बघ' म्हटलं असतं तर माझं काहीच गेलं नसतं. तिनं मात्र आपला मुलगा पणाला लावून ते म्हटलं होतं. तिच्या जागी मी असते तर मला जमलं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही.

सिद्धरामेश्वराचं नाव घेत ती बसून राहिली. अनिलकुमार औषधं घेऊन आला, त्याला मी काय घडलं ते सांगितलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

दार उघडलं तेव्हा आधी डॉक्टर आले. त्यांच्या हातात एक बरणी होती आणि तिच्यात पाण्यासारख्या औषधात ती गाठ. "आजी, सगळं व्यवस्थित झालं. ही बघा, आत दात-बित काही नाही. तरी आम्ही तपासणीला पाठवतो. आज-उद्यात बाळ अंगावर प्यायला लागेल."

निलव्वानं बरणीकडे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरांच्या पाठीमागून गुरुशांत येत होता. भाचीला त्यानं दोन्ही हातांवर घेतली होती. तिचं तोंड मिटलं होतं. जन्मल्यापासून पहिल्यांदा मिटलं होतं ते. तो आईपाशी आला आणि सवयीनं, शपथ सुटलीय हे विसरून, त्यानं मान बाजूला वळवून पोरगी आईपुढे धरली.

निलव्वा भिंतीचा आधार घेत उठली. तिनं पोरीला घेतलं नाही. मुलाची हनुवटी धरून तिनं त्याचं तोंड सरळ केलं, भाचीकडे.

"एकदा बगून झालंय नव्हं?" ती म्हणाली. "जे व्हायचं ते हुईल आता. पोटभर बग."